सरावाचा वर्ग

"ताई, या सत्रात तुमच्या सराव पाठांतून माझा वर्ग सोड ना," धाकटी म्हणाली, तेव्हा ताई आरशासमोर उभी राहून केसांत पिना खोचत होती.

"का? काय झालं?"

"पोरांचं सगळं राहून जातंय गं. भागाकार कच्चा आहे. अपूर्णांक तर मी अजून सुरूच केलेले नाहीत."

"अपूर्णांकांना तू हात लावू नकोस." दातांत पिन धरल्यामुळे ताईचे शब्द अर्धवट बाहेर पडत होते. "पुढच्या आठवड्यापासून आमच्या मुली तेच घेणार आहेत. तुझ्या पोरांना आधीच येत असेल, तर आमच्यांनी शिकवायचं काय?"

"मग दुसरा वर्ग घे की. शेजारचा घे."

"त्या वर्गात पोरं माकडांसारखी वागतात. आमच्या मुली आधीच घाबरलेल्या असतात, पहिल्याच पाठाला तोंडावर पडल्या की संपलं. तुझा वर्ग शांत आहे, गुणी आहे." ताईनं शेवटची पिन खोचली आणि मागे वळून धाकटीच्या गालाला हात लावला. "कौतुकच करतेय ना मी तुझं?"

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "दिवसभर शाळाच करता ना? मग घरात तरी नका भरवू!"

विषय तिथंच संपला. ताईनं पर्स उचलली, धाकटीनं डबे भरले, आणि रोजच्यासारख्या दोघी एकाच बसनं एकाच इमारतीकडे निघाल्या.

इमारत एकच होती, पण तिच्यात दोन संस्था होत्या. वरच्या मजल्यावर शिक्षक घडवणारं कॉलेज आणि खाली त्याच कॉलेजची प्राथमिक शाळा. ताई वर शिकवायची, धाकटी खाली. ताईचा विषय होता पाठाचं नियोजन. तासाला सुरुवात कशानं करायची, कोणता प्रश्न आधी विचारायचा नि कोणता मागं ठेवायचा, फळ्यावर काय लिहायचं, मुलाला कळलं हे ओळखायचं कसं, हे सगळं आधी कागदावर मांडायचं. त्याला टाचण म्हणतात. ताईच्या हाताखालून टाचण शिकून गेलेल्या शिक्षिका गावोगावच्या शाळांत होत्या आणि भेटल्या की वाकून तिच्या पाया पडायच्या.

धाकटीही तिच्याच हाताखालून गेलेली. लग्न मोडून एक बॅग घेऊन ती घरी परत आली, तेव्हा आई रडत बसली होती. ताई रडली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी धाकटीला कॉलेजात नेऊन बसवलं, पुढं खालच्या शाळेत चिकटवलं. आपण हे केलं असं ताईनं पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती. धाकटी ते रोज डबा भरताना आठवायची.

तर पुढच्या आठवड्यापासून वरच्या मुली जिना उतरून खाली येऊ लागल्या. वर्गाच्या मागच्या भिंतीला लागून बाकांची एक जादा रांग होती. तिथं निरीक्षण करणाऱ्या बसायच्या आणि एक जण पुढं उभी राहून सरावाचा पाठ घ्यायची. प्रत्येकीचा पाठ एकच: अपूर्णांकांची ओळख. तो सगळ्यांना आवडायचा, कारण त्यात साधनं छान दिसायची. रंगीत कागदाचं वर्तुळ, त्याची घडी, चार सारखे भाग, त्यातला एक रंगवलेला. "मुलांनो, याला काय म्हणायचं?" "एक छेद चार!" टाळ्या. घंटा. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी, दुसऱ्या रंगाचं वर्तुळ, पुन्हा चार भाग.

आधीच्या मुलीनं शिकवलेलं पुढं नेणारा पाठ कुणाच्याच वाट्याला नव्हता. पुढचा पाठ कंटाळवाणा असतो. त्यात मुलं चुकतात, वर्तुळं कापून भागत नाही. त्या पाठाला चांगले गुण मिळत नाहीत.

पोरं चलाख होती. दोन-चार पाठांतच त्यांना सगळा खेळ उमगला. बाईंनी "हे काय आहे?" विचारलं की पहिल्यांदा "गोल" म्हणायचं, लगेच "अपूर्णांक" म्हटलं तर बिचारीचा पाठ लवकर संपतो. एखादी अडखळली तर पोरं मुद्दाम सोपा प्रश्न विचारून तिला सावरून घ्यायची. वर्गात एक मुलगी होती, सतत वाद घालायची म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत. ती एकदा मधल्या सुट्टीत धाकटीला म्हणाली, "बाई, आजच्या मॅडम रडायच्या बेतात होत्या. मग आम्ही सगळ्यांनी हात वर केले."

"आणि उत्तर येत होतं?"

"उत्तर काय, एक छेद चारच असतं."

धाकटी हसली खरी, पण तिला ते लागलं. अपूर्णांकांना हात लावायचा नाही, हे तिनं पाळलं होतं. उरलेल्या तासांत ती भागाकार घेत राहिली. पण उरलेले तास होते कुठं? सकाळचे ताजे तास वरच्या मुलींचे, दुपारचे पेंगुळलेले तिचे.

अशात कॉलेज तपासायला समिती येणार असल्याचं कळलं. समितीच्या शिफारशीवर कॉलेज चालू राहायचं की नाही ते ठरणार होतं. वरच्या मजल्यावर धावपळ उडाली. भिंती रंगल्या, नळ दुरुस्त झाले, ताई घरी आली तरी तिच्या डोक्यात तेच. समितीपुढे एक पाठ दाखवायचा होता. वर्ग अर्थातच धाकटीचा. पाठ घेणार होती कॉलेजातली सगळ्यांत हुशार मुलगी; तिचे तक्ते इतके देखणे असायचे, की तिचं नावच तक्तेवाली पडलं होतं.

पाठ कुठंही अडला नाही. तक्तेवालीनं वर्तुळ उघडलं, मिटलं, कापलं. पोरांनी जिथं चुकायचं तिथं गोड चुका केल्या आणि जिथं सुधारायचं तिथं सुधारल्या. मागच्या बाकांवर समितीतली माणसं मान डोलवत होती. ताई त्यांच्या शेजारी ताठ बसली होती. धाकटी दाराजवळ उभी होती. तिचाच वर्ग, पण त्या दिवशी तिला बसायला जागा नव्हती.

घंटा व्हायला थोडा वेळ होता. समितीतले एक वयस्कर तज्ज्ञ उठले आणि फळ्याकडे गेले. आवाज अगदी मऊ. त्यांनी फळ्यावर एक छेद तीन आणि एक छेद चार लिहिलं.

"सांगा बरं बाळांनो, यातला मोठा कोणता?"

सबंध वर्ग एका सुरात ओरडला, "एक छेद चार!"

"का बरं?"

"चार मोठे म्हणून!"

ते वकीलबाईकडे बोट करून म्हणाले, "तू सांग. अर्धा मोठा, की एक छेद तीन?"

वकीलबाई उभी राहिली. तिनं तक्तेवालीकडे पाहिलं, मग मागच्या बाकांकडे. "सर, हे आमच्या पाठात नसतं," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. तज्ज्ञ हसले नाहीत. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले. "पाठ चांगला झाला," ते तक्तेवालीला म्हणाले. "तुमचा दोष नाही. पण मुलांचा पाया अगदीच कच्चा दिसतोय. वर्गशिक्षिका कोण?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

धाकटीच्या ओठांवर आलं होतं: मला अपूर्णांक शिकवू दिलेले नाहीत. एवढंच वाक्य. तिनं ताईकडे पाहिलं. ताई सांगेल असं तिला वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा तिनं ते गृहीतच धरलं होतं, आणि मोठ्या बहिणीच्या आधी आपण तोंड उघडणं बरं दिसणार नाही म्हणून ती थांबली. ताईनं मांडीवरचे कागद चाळले, एक कागद वर घेतला, पुन्हा खाली ठेवला.

"मी," धाकटी म्हणाली. "वर्गशिक्षिका मी."

"बरं," तज्ज्ञ म्हणाले.

समिती गेली. कॉलेज तरलं. शिफारशींमध्ये खालच्या शाळेबद्दल एक ओळ होती: चौथीच्या वर्गशिक्षिकेला पाठनियोजनाचं प्रशिक्षण नव्यानं देण्यात यावं, आणि तोवर तिच्याकडे वर्ग देऊ नये.

प्राचार्यांनी धाकटीला बोलावून हे सांगितलं आणि वर मोठ्या मनानं म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. शिकण्यात कसली लाज? आणि शिकवायला तर तुमच्या ताईच आहेत."

आईला हे कळल्यावर तिनं ताटं वाढता वाढता मान वर केली. "म्हणजे धाकटी परत कॉलेजात जाणार? या वयात?"

"एका सत्राचाच प्रश्न आहे, आई," ताई म्हणाली. "आणि वाढ ना मला, उशीर होतोय."

धाकटी वर जाऊन तिसऱ्या बाकावर बसू लागली. आजूबाजूला तिच्याहून कितीतरी लहान मुली. त्यांना आधी अवघडल्यासारखं झालं. ज्यांच्या वर्गावर पाठ घेतले त्या बाई आता शेजारी बसून वहीत रेघा मारताहेत! मग त्या सरावल्या. एकीनं तिला आपली पट्टी दिली. तक्तेवाली मात्र तिची नजर चुकवायची.

आणि ताई तिला वर्गात "तुम्ही" म्हणायची.

"तुम्ही सांगा," ती तिसऱ्या बाकाकडे बोट करून म्हणायची. धाकटी उभी राहायची. "हो, मॅडम." संध्याकाळी त्याच दोघी घरात एका ओट्यापाशी उभ्या राहून भाजी निवडायच्या, आणि तिथं ताई म्हणायची, "अगं, मीठ दे."

पण खरा त्रास वेगळाच होता. ताई वाईट शिकवत असती तर धाकटीला बसून राहणं सोपं गेलं असतं. मनातल्या मनात हसून तिनं दिवस काढले असते. ताई फार चांगलं शिकवत होती. एकदा तिनं सगळ्यांची टाचणं परत केली आणि म्हणाली, "तुम्ही काय बोलणार ते पानंच्या पानं भरून लिहिलंय. मूल काय बोलणार ते कुठाय? प्रत्येक प्रश्नापुढं लिहा, मूल इथं काय चुकेल आणि का चुकेल. ते ज्याला आधी दिसत नाही, त्यानं टाचण केलंच नाही असं समजा."

मुली भराभरा लिहून घेत होत्या. धाकटीचा पेन थांबला. कित्येक वर्षांपूर्वी याच खोलीत हे तिनं ऐकलं होतं, तेव्हाही तिला ते पटलं होतं, आणि आजही त्यातला एक शब्द खोडावा असं तिला वाटलं नाही. ही बाई हे सगळं जाणते. जाणते आणि तरी त्या दिवशी कागद चाळत बसली.

सत्राच्या शेवटी धाकटीला एक पाठ घेऊन दाखवायचा होता. वर्ग तिचाच जुना. तिनं टाचण लिहिलं. विषय: लहान-मोठे अपूर्णांक. 'मूल काय चुकेल' या रकान्यात तिनं लिहिलं: 'छेदातला आकडा मोठा तो अपूर्णांक मोठा, असं मुलं म्हणतील.' आणि 'का चुकेल' या रकान्यात: 'कारण वर्षभर त्यांना एकच पाठ पुन्हा पुन्हा दिला गेला आणि वर्गशिक्षिकेला पुढचा शिकवायची मनाई होती.'

दुपारी वरची खोली रिकामी झाल्यावर ताईनं तिला थांबवलं. टाचण टेबलावर पडलं होतं आणि ती ओळ लाल शाईनं खोडलेली होती.

"हे असं लिहिता येत नाही."

"खोटं आहे का?"

"टाचण म्हणजे तक्रारपेटी नव्हे."

"का चुकेल ते लिहा, हे तूच सांगितलंस, ताई."

"इथं ताई म्हणू नकोस."

"मग तूही इथं 'नकोस' म्हणू नकोस. 'म्हणू नका' म्हण."

ताईनं दार लोटून घेतलं. ती खिडकीच्या दांडीवर हात ठेवून उभी राहिली.

"त्या दिवशी तू गप्प बसलीस," धाकटी म्हणाली. "ते मी समजू शकते. माणूस गांगरतं. पण वर्ग काढून घ्या, हे समितीनं कसं लिहिलं? त्यांनी मला नीट पाहिलंसुद्धा नव्हतं."

ताईनं दांडीवरची धूळ बोटानं पुसली.

"तू सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, हा प्रश्न तुम्ही कसा सोडवणार," ताई खिडकीकडेच तोंड करून म्हणाली. "सराव पाठांमुळे मुलं मागं पडली असं मी म्हणाले असते, तर कॉलेजच बंद पडलं असतं. इतक्या मुलींचं वर्ष गेलं असतं. कुणावर तरी ढकलावंच लागणार होतं. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर तिनं गोंधळ घातला असता, कोर्टात गेली असती. तू घरातली आहेस. म्हटलं, तू समजून घेशील."

"मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तर तू नाही म्हणाली असतीस."

धाकटी खरोखरच नाही म्हणाली असती. की हो म्हणाली असती? ताईनं मागितलं आणि तिनं दिलं नाही असं आजवर झालं नव्हतं. पण मागायचे कष्टही ताईनं घेतले नव्हते. घरातल्या कपाटातून चादर काढावी तसं तिनं बहिणीला काढून वापरलं होतं.

"ती ओळ खोडलेलीच राहू दे," धाकटी शेवटी म्हणाली. "पाठ मात्र हाच घेणार."

पाठाच्या दिवशी ताई मागच्या बाकावर निरीक्षणाला बसली. पोरं जुन्या बाईंना पाहून खुलली आणि लगेच मदतीला धावली. धाकटीनं तोंड उघडायच्या आत चार-पाच जणांनी "एक छेद चार!" म्हणून टाकलं. तिनं वर्तुळ आणलंच नव्हतं. तिनं एक लांबलचक दोरी आणली होती, ती चौघांना वाटून घ्यायला सांगितली, मग तेवढीच दुसरी दोरी तिघांना. दोरी मोजायला पोरं जागा सोडून उठली, ओढाओढ झाली, एकाचं बोट करकचलं. वर्ग पहिल्यांदाच इतका गलका करत होता. निम्म्यांना काहीतरी उमगलं, निम्मी आधीपेक्षा जास्त गोंधळली. एक मुलगा तर ठामपणे म्हणाला, की बाई, दोरीचं वेगळं नि गणिताचं वेगळं.

वकीलबाई दोन्ही तुकडे शेजारी शेजारी धरून बघत होती. एकदम म्हणाली, "म्हणजे वाटेकरी वाढले की वाट्याला कमी येतं. मग चारवाला लहान! बाई, मग आम्ही त्या सरांना सगळ्यांनी मिळून खोटं सांगितलं?"

"खोटं नाही," धाकटी म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

तिनं मागं पाहिलं नाही. घंटा झाली तेव्हा फळ्यावर नुसती गिचमिड होती, सारांश राहिला होता, गृहपाठ द्यायचा राहिला होता.

ताईनं लिहिलं: 'साधनाची निवड ठीक. वर्गावर नियंत्रण नाही. फळ्याचं लेखन अव्यवस्थित. पाठ नियोजनाप्रमाणे पूर्ण झाला नाही.' यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. जेमतेम पास होण्याइतके गुण तिनं दिले आणि सही केली.

सुट्टीनंतर चौथीचा वर्ग तक्तेवालीला मिळाला. तिला नुकतीच नेमणूक मिळाली होती. पास होऊनही धाकटीला वाचनालयात बसायला सांगण्यात आलं. तिथं ती काही दिवस पुस्तकांना कव्हरं घालत बसली. सकाळच्या तासांना जिन्यावर पावलं वाजायची, नवीन वर्षाच्या मुली तक्त्यांच्या गुंडाळ्या बगलेत मारून खाली उतरायच्या. मग एक दिवस तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका लहानशा शाळेत अर्ज दिला. त्यांना माणूस हवंच होतं. तिथून जवळच एक खोलीही मिळाली.

तिनं हे घरी सांगितलं, तेव्हा आई पदर डोळ्यांना लावून बसली. ताई पेपर तपासत होती. तिनं पेन खाली ठेवला. ती काहीतरी बोलेल म्हणून धाकटी दारात उभी राहिली. फार काही नको होतं तिला. 'चुकलं माझं' एवढंही नको. नुसतं 'जाऊ नकोस' चाललं असतं.

"मंगळवारी आईला डॉक्टरकडे कोण नेणार?" ताईनं विचारलं.

धाकटीनं बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली, पुन्हा मागं घेऊन ओढावी लागली.

"मी येईन," ती म्हणाली.

आणि ती येऊ लागली. दर मंगळवारी नव्या शाळेतून दुपारची सुट्टी टाकून दोन बस बदलून यायची, आईला धरून जिना उतरवायची, दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी बसून राहायची. आई विचारायची, "ताईशी बोलतेस ना गं?" धाकटी म्हणायची, "बोलते की." त्या वेळी ताई कॉलेजात असायची. आईला परत घरी सोडून, औषधं टेबलावर ओळीनं मांडून, ताई यायच्या आत धाकटी निघून जायची.